उजवीकडे सरकणारी इमारत

दादाचा फोन आला तेव्हा सासरे मला स्टीलच्या पट्टीने मारत होते, त्यामुळे उचलायला थोडा उशीर झाला. मी त्यांच्या ड्रॉइंगला ‘फाइल’ म्हणालो होतो. सासऱ्यांच्या मते फाइल म्हणजे लोक ज्यात रक्ताचे रिपोर्ट ठेवतात ती. ड्रॉइंग हे ड्रॉइंग.

“थांबा बाबा, दादाचा आहे.”

ते थांबले. दादाबद्दल त्यांना आदर आहे. दादा मशीनने खड्डे खणतो, आणि खड्ड्याला अजून कुणी फाइल म्हटलेलं नाही.

फोनवर दादा नव्हता.

“तुमचा भाऊ माझ्याकडे आहे,” एक शांत आवाज म्हणाला. “म्हणजे मुद्द्याचा त्याचा उजवा हात आहे. बाकीचा सोबत आलाय.”

तो आमच्या साइटच्या शेजारचा वेल्डर होता. त्याने जे सांगितलं ते असं. सकाळपासून दादा आम्ही ठोकून घेतलेल्या खुंट्यांप्रमाणे पायाचा खड्डा खणत होता. खणता खणता त्याच्या मशीनचं बकेट वेल्डरच्या वर्कशॉपच्या भिंतीतून आत आलं. आत वेल्डर एका तयार गेटला रंग देत होता. बकेटने गेटची घडी घातली. मग वेल्डर चालत्या मशीनवर चढला, दादाला कॉलरला धरून खाली खेचलं, त्याचं कपाळ मशीनच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर आपटलं, ते पुरेसं वाजलं नाही म्हणून परत आपटलं, आणि त्याला आत नेऊन त्याच्या उजव्या हाताची बोटं व्हाइसमध्ये बसवली. व्हाइस म्हणजे टेबलाला बोल्ट मारून बसवलेली लोखंडी पकड. हँडल फिरवलं की दोन जबडे जवळ येतात. मध्ये काय आहे याची चौकशी ते करत नाहीत.

“हद्दीचा दगड होता भिंतीला लागून,” वेल्डर म्हणाला. “तो तुमच्या मशीनने मातीबरोबर उचलला आणि ट्रक घेऊन गेला. आता कुणाची जागा कुठे संपते हे फक्त तुमच्या कागदाला माहीत. तर कागद घेऊन या. माझी भिंत तुमच्या जागेत निघाली, तर मी हात सोडतो, माफी मागतो, आणि उरलेली भिंत घणाने स्वतः पाडतो. तुम्ही माझ्या जागेत निघालात, तर हँडल शेवटपर्यंत.”

“आणि पोलीस?”

“बोलवा की. त्यांची गाडी पार्क होईपर्यंत माझं फिरवून होतं.”

मागून दादाचा आवाज आला. “छोट्या, जरा लवकर बघ.” दादा मला छोट्या म्हणतो. मी त्याच्यापेक्षा उंच आहे. दादाचा सगळा उद्योग त्या उजव्या हातात आहे. बकेट वर-खाली करायचा दांडा उजवीकडे असतो आणि तो बोटांनी चालतो. बोटं गेली की दादा म्हणजे मशीनमध्ये बसलेला एक जाड माणूस.

आमच्या ऑफिसबद्दल सांगायला हवं. टायरच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत सासरे ड्राफ्टिंगच्या सॉफ्टवेअरवर सपाट रेषा मारतात. आतल्या खोलीत बायको त्या रेषा मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन त्यांच्यावर इमारत उभी करते, भिंती, जिने, खिडक्या, सगळं. माझं टेबल दाराच्या चौकटीत आहे. माझ्या कामाचं नाव जुळवणी. सासऱ्यांचं आणि तिचं एकमेकांना लागू करायचं.

आता, बापलेकीचं बोलणं बंद होतं. बायकोने मॉडेलचं सॉफ्टवेअर शिकायला घेतलं त्या दिवसापासून. सासऱ्यांना वाटलं, मुलीने आपल्या जिवंतपणी आपलं श्राद्ध उरकलं. तिला वाटलं, बाप रेषेच्या पुढे बघायलाच तयार नाही. दोघंही जे काही सांगायचं ते मला सांगत, मी दुसऱ्याला सांगे, आणि ज्याला सांगितलं तो मला मारे.

मी फोन ठेवून दोघांना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “तुमच्या मिसेसना सांगा, माझं ड्रॉइंग केसाएवढंही चुकलेलं नाही.”

“तुझ्या सासऱ्यांना सांग,” आतून आवाज आला, “माझ्या मॉडेलमधून निघालेले आकडे जसेच्या तसे सर्व्हेअरला गेलेत.”

म्हणजे गुन्हेगार सर्व्हेअर होता. आम्ही त्याला बोलावलं.

सर्व्हेअर दुर्बीण असलेलं यंत्र पेटीत आणि तिपाई खांद्यावर घेऊन आला. तो स्वच्छ माणूस आहे. त्याने बसायच्या आधी खुर्ची पुसली.

“तुम्ही दिलेल्या आकड्यांवर खुंट्या ठोकल्या,” तो म्हणाला. “परत तपासून आलोय. बरोबर जागी आहेत.”

“भिंतीच्या आत बरोबर जागी?” सासऱ्यांनी विचारलं.

“आकडे भिंतीच्या आतले होते. भिंत आली, तिथे चुन्याची खूण केली आणि पुढे गेलो. मी आकडे विचारत नाही, काका. आकडा आला की खुंटी.”

सासऱ्यांनी त्याची तिपाई घेतली आणि तिने त्याला मारलं. तिपाईचे तीन पाय वेगवेगळे लांब-आखूड होतात, त्यामुळे तिने मारताना अंदाज चुकतो. पहिला फटका ट्यूबलाइटला बसला. दुसरा त्याच्या नाकाला. काचा आणि रक्त एकाच वेळी खाली आलं. सर्व्हेअरने नाक धरून सांगितलं की तिपाईला काही झालं तर भरपाई लागेल, आणि सासऱ्यांच्या पोटरीला लाथ घातली. सासरे प्रिंटरवर पडले. प्रिंटरने एक कोरं पान बाहेर काढलं.

“बाबा, दादाची बोटं,” मी म्हणालो.

“मी काय खेळतोय का?” सासरे प्रिंटरवरून म्हणाले.

फोन वाजला. “सापडलं का?” वेल्डर.

“बघतोय. थोडा वेळ द्या.”

“देतो की.” मग लोखंडाचा एक छोटासा किर्र आवाज झाला, आणि दादाने ‘आई’ या शब्दाचा शेवट बराच लांबवला. “हे वेळेचं भाडं,” वेल्डर म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मी कामाला लागलो. दोन सॉफ्टवेअरचे आकडे जुळत नसतील तर नेहमीचे संशयित ठरलेले असतात. पहिला संशयित, उत्तर आणि पूर्व उलटी पडणं. सर्व्हेअर आधी उत्तरेचा आकडा लिहितो, सॉफ्टवेअर आधी पूर्वेचा मागतं. पण तसं झालं असतं तर इमारत सरळ दुसऱ्या देशात गेली असती आणि दादाला तिथल्या वेल्डरने धरलं असतं. दुसरा संशयित, मीटर आणि मिलिमीटर. मग खड्डा एक तर बशीएवढा झाला असता, नाही तर सगळं गाव त्यात मावलं असतं. तिसरा, उत्तर दिशा फिरणं. पण तशी इमारत तिरकी होते, आणि आमचा खड्डा भिंतीला शिस्तीत समांतर चालला होता. म्हणजे फिरलं नव्हतं, वाढलं नव्हतं, उलटलं नव्हतं. नुसतं सरकलं होतं. उजवीकडे.

“किती सरकलंय?” मी सर्व्हेअरला विचारलं. त्याने नाकात कागदाचा बोळा घातला होता.

“हे कुठल्या वेळचं विचारता? प्रत्येक वेळी तुमच्याकडून वेगळे आकडे आलेत. मी चारदा खुंट्या उपटून ठोकल्यात. मला वाटलं, गिऱ्हाइकाला इमारत थोडी उजवीकडे हवीय.”

हे मात्र नवीन होतं. मी बायकोच्या कपाटातून मॉडेलचे आधीचे प्रिंट काढले आणि ती अडवायला आली तेव्हा तिने माझ्या मनगटाला चावा घेतला, कारण ते कपाट तिचं होतं. मी चावलेल्या हाताने प्रिंट एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर दाबले. उजेडात सगळं दिसलं. कडेला छापलेले सर्व्हेचे आकडे एकावर एक धरले की इमारत प्रत्येक प्रिंटमध्ये थोडी उजवीकडे. पहिल्यात प्लॉटच्या मधोमध, शहाण्यासारखी. शेवटच्यात वेल्डरच्या हद्दीत शिरलेली.

“तुला दिसलं नाही?” मी बायकोला विचारलं.

“मी त्यांचं ड्रॉइंग लपवून ठेवते. जोडते आणि लपवते.”

“का?”

“बघवत नाही. एकेक जाडी वेगळी, एकेक रंग वेगळा, खिडकीलासुद्धा सावली देतात. दिवसभर डोळ्यासमोर बाप ठेवून काम होतं का कुणाचं?”

“जावईबापू,” बाहेरून आवाज आला, “त्यांना सांगा, सावलीशिवाय खिडकी म्हणजे भोक.”

“आणि जोडतेस कशी?” मी विचारलं.

तिने पडद्यावर जोडणीची चौकट उघडून दाखवली. मॉडेलच्या सॉफ्टवेअरला बाहेरचं ड्रॉइंग जोडताना ते विचारतं, कशावर काय ठेवू? शून्यावर शून्य ठेवू, सर्व्हेच्या खुणेवर खूण ठेवू, की मधोमध मधोमध? सासरे सर्व्हेचे खरे आकडे वापरतात, इतके मोठे की शून्यावर शून्य ठेवलं तर प्लॉट क्षितिजापलीकडे जातो. सर्व्हेच्या खुणेवर ठेवायचं तर ती खूण कुठली हे सासऱ्यांना विचारायला लागतं, आणि बोलणं बंद होतं. म्हणून बायको मधोमध मधोमध करायची. पहिल्या दिवशी तिने नीट बघून इमारत प्लॉटमध्ये बसवली होती. पुढे सासऱ्यांचं सुधारलेलं ड्रॉइंग आलं की जुनं उपटायचं, नवं मधोमध जोडायचं, लपवायचं, आकडे काढायचे.

“पण प्लॉट तोच आहे,” ती म्हणाली. “त्याचा मध्य तोच राहणार. सरकेल कशाला?”

ते खरं होतं. फक्त मध्य प्लॉटचा नसतो. ड्रॉइंगमध्ये जे जे काही आहे त्या सगळ्याचा असतो.

मी सासऱ्यांच्या टेबलाकडे गेलो. सॉफ्टवेअरला ‘सगळं दाखव’ म्हणायची एक आज्ञा आहे. ती सासऱ्यांनी आम्हाला कधीच देऊ दिली नव्हती. त्यांच्या मते ती मालकाच्या परवानगीशिवाय कपाटं उघडण्यासारखी आहे. मी माऊसला हात लावला आणि सासरे प्रिंटरवरून उठले.

“जावईबापू, तिथून बाजूला व्हा.”

“एक मिनिट बाबा.”

त्यांनी मला मानेला धरलं. सासरे दिसायला काटकुळे आहेत, पण आयुष्यभर रेषा मारून त्यांच्या अंगठ्यात भलतीच ताकद आली आहे. तो अंगठा त्यांनी माझ्या गळ्याच्या बरोबर मधोमध ठेवला आणि दाबला. मला ठिपके दिसायला लागले. बायको धावत आली आणि तिने वडिलांच्या पाठीत स्टेपलर मारला, बोथट बाजूने. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर तिने सांगितलं की मनात दुसरी बाजू होती. सर्व्हेअर मध्ये पडला, त्याला दोघांनी मिळून बाजूला फेकलं, आणि पडता पडता त्याचं कोपर कीबोर्डवर बसलं. कोपराने बरोबर तीच आज्ञा दिली असा माझा दावा नाही. आज्ञा मी दिली, जमिनीवरून, एका हाताने, निळा पडत.

पडद्यावर प्लॉट झर्रकन लहान होत गेला आणि डावीकडे कोपऱ्यात मुंगीएवढा राहिला. बाकी सगळं काळं. आणि पार उजवीकडे, जिथे कुणाचं काही काम नव्हतं, तिथे एक घर होतं.

सासऱ्यांनी गळा सोडला.

आम्ही सगळे बघत राहिलो. सुंदर घर होतं. खिडक्यांना सावल्या होत्या. अंगणात एक झाड, त्याची पानं एकेक काढलेली. सासरे रोज आमच्या कामातून वेळ काढून स्वतःसाठी ते घर काढत होते, कागदाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्यापासून शक्य तेवढं लांब. आणि दर भांडणानंतर त्याला उजवीकडे एक खोली वाढवत होते.

गणित साधं होतं. घर उजवीकडे चार मीटर वाढलं की सगळ्या ड्रॉइंगचा मध्य दोन मीटर उजवीकडे जाणार. मधोमध मधोमध जोडलं की प्लॉट दोन मीटर डावीकडे सरकणार. इमारत जिथल्या तिथे. म्हणजे प्लॉटच्या नजरेने बघितलं तर इमारत निघाली वेल्डरकडे. आमच्या घरात एक मोठं भांडण झालं की इमारत दोन मीटर चालायची, आणि अशी चार झाली होती.

“यात माझी खोली कुठली?” बायकोने विचारलं. थेट वडिलांना नाही. पडद्याला.

सासऱ्यांनी बोट दाखवलं. पूर्वेची, मोठी, दोन खिडक्या.

“आणि माझी?” मी विचारलं. घशातून शिट्टीसारखा आवाज आला.

होती. झाडापलीकडे. चारी बाजूंनी भिंती. दार नव्हतं.

“हवा यायला भोक ठेवलंय,” सासरे म्हणाले.

फोन वाजला. मी उचलायच्या आधीच किर्र आवाज सुरू झाला होता. दादा आता शब्द वापरत नव्हता.

“निघतोय,” मी ओरडलो. “कागद घेऊन निघतोय.”

बायकोने जुनी जोडणी उपटली. खूण कुठली ते सासऱ्यांनी मला सांगितलं, मी तिला सांगितलं, आणि तिने सर्व्हेच्या खुणेवर सर्व्हेची खूण ठेवली. प्लॉट मॉडेलमध्ये सरसर उजवीकडे गेला आणि इमारतीखाली चपखल बसला, कुठेही न घासता. वेल्डरची भिंत त्यात काढलेली नव्हती. ती हद्दीच्या पलीकडे, तिच्या जागी होती. मी प्रिंट काढला. त्यावर सासऱ्यांच्या ढुंगणाचा हलकासा ठसा आला होता, पण आकडे स्वच्छ होते.

जिन्यात मी योजना सांगितली. हा कागद खरा आहे. यात इमारत आपल्या हद्दीत आहे. मी वेल्डरला फक्त एवढंच सांगणार की खड्डा या कागदाप्रमाणे खणलाय. मग खड्ड्यात येणारी भिंत आपोआप आपल्या जागेत ठरते. खरा कागद, एक खोटं वाक्य. ते वाक्य मी बोलणार. तुम्ही दोघं काही बोलू नका.

“आमचं बोलणं बंदच आहे,” बायको म्हणाली.

सर्व्हेअर आला नाही. तो खालच्या टायरच्या दुकानात एका टायरमध्ये बसून नाकाचा फोटो काढत होता.

वर्कशॉपच्या भिंतीला मशीन जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि त्यातून आमचा खड्डा दिसत होता. दादा लाकडी टेबलासमोर उभा होता. कपाळ फुटून रक्त सुकलं होतं. व्हाइसमधून त्याच्या बोटांची टोकं बाहेर आली होती, जांभळी, गुळगुळीत, भलत्याच प्राण्याची वाटावीत अशी. वेल्डर हँडलवर हात ठेवून स्टुलावर बसला होता. बारीक अंगाचा, चष्मेवाला. मी कुणीतरी मोठा माणूस धरून चाललो होतो.

“बसा,” तो म्हणाला. बसायला काही नव्हतं. सगळ्यावर भिंत पडली होती.

मी कागद उलगडला. ही प्लॉटची हद्द, ही आमची इमारत. त्याने चष्मा कपाळावर घेऊन कागद बराच वेळ वाचला. माणूस मोजमापाचा होता, ते लगेच कळलं. कागदावरच्या आकड्यांची मनात बेरीज करताना त्याचे ओठ हलत होते.

“इमारत आत आहे तुमची,” तो म्हणाला.

“आहे.”

“आणि खड्डा याच कागदाप्रमाणे खणलाय?”

“याच कागदाप्रमाणे.”

दादाने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलताना माझा डावा कान लाल होतो हे घरात फक्त त्याला माहीत आहे. त्याने जोरात खोकून वेल्डरचं लक्ष वेधलं. त्या खोकल्याने त्याची बोटं दुखली असणार.

वेल्डरने कागदाची नीट घडी घातली. मग त्याचे खांदे खाली आले. “म्हणजे माझ्या बापाने भिंत चुकीची बांधली,” तो म्हणाला. “मी एका निरपराध माणसाची बोटं दाबली.” त्याने हँडल धरलं आणि उलटीकडे फिरवलं. जबडे किंचित सुटले. दादाने डोळे मिटले.

“जावईबापू,” सासरे म्हणाले, “तुमच्या मिसेसना सांगा, मधोमध मधोमध जोडलं नसतं तर या सज्जन माणसाची भिंत आज उभी असती.”

मी दादासारखंच जोरात खोकलो.

“तुझ्या सासऱ्यांना सांग,” बायको म्हणाली, “स्वतःचं चोरटं घर काढलं नसतं तर मधोमध मधोमधच राहिलं असतं.”

“चोरटं? त्यांना सांगा, चोरटे आकडे कुणी दिले सर्व्हेअरला?”

“त्यांना सांग, मी दिले. आठ मीटर चुकीचे दिले. पण कुणाच्या खोल्यांमुळे?”

मी दोघांच्याही पायावर पाय दिले. उपयोग झाला नाही. त्यांना मी दिसतच नव्हतो, आणि हे लग्न झाल्यापासून असंच आहे.

“आठ मीटर,” वेल्डर म्हणाला. त्याचा आवाज अजून शांत होता. त्याने हँडल दोन्ही हातांनी धरलं. “तुमचा शब्द तुम्ही मोडलात. माझा मी पाळतो.”

त्याने फिरवलं. काहीतरी मोडल्याचा आवाज झाला, ओल्या काडीसारखा. मग दादाने जे केलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. तो ओरडला नाही. त्याने डावा हात टेबलाखाली घातला, पाय भिंतीला लावला आणि ओढलं. लाकडाची फळी उभी चिरली, बोल्ट बंदुकीच्या गोळीसारखे सुटले, एक माझ्या मांडीत घुसला, आणि दादा व्हाइससकट मोकळा झाला. आता त्याच्या उजव्या हाताच्या टोकाला अर्ध्या बोकडाच्या वजनाचं लोखंड होतं. त्याने ते फिरवलं.

पहिला घाव वेल्डरच्या खांद्यावर बसला आणि त्याचं गळ्यापाशीचं हाड तुटलं. तो वळला, लोखंडी सळई उचलली आणि दुसऱ्या हाताने दादाच्या बरगड्यांत घातली. दादाने व्हाइस परत फिरवली. ती चुकली, गॅसच्या सिलिंडरवर आदळली, आणि आम्ही सगळे क्षणभर अत्यंत सभ्यपणे थांबलो. सिलिंडर काही बोलला नाही. मग परत सुरू झालं. सासऱ्यांनी वेल्डरच्या डोक्यात स्टीलची पट्टी मारली. पट्टी त्यांनी बरोबर आणली होती, मला मारायला. वेल्डरने सासऱ्यांना डोकं मारलं. बायकोने वेल्डरच्या डोळ्यात रंगाचा डबा ओतला. हिरवा झालेला वेल्डर आंधळ्यासारखा सळई फिरवत मागे गेला, दादा त्याच्यावर धावून गेला, आणि दोघं मिठी मारून भगदाडातून आमच्या खड्ड्यात पडले.

वरून आम्ही बघितलं. दोघं उताणे पडले होते. व्हाइस दादाच्या पोटावर.

“सोड,” दादा म्हणाला. “हँडल फिरवून सोड आता. पुरे.”

वेल्डरने चाचपडत हँडल शोधलं. फिरवायला गेला. फिरेना. सिलिंडरवर आदळल्यावर आतला स्क्रू वाकला होता. त्याने परत जोर लावला आणि तुटलेल्या हाडामुळे स्वतःच किंचाळला.

“आता?” दादा म्हणाला. बोटं काळी पडायला लागली होती.

“कापायला लागेल,” वेल्डर म्हणाला. “लगेच. दवाखान्यापर्यंत बोटं टिकणार नाहीत.” त्याने डोळ्यांवरचा रंग बाहीने पुसला. “लोखंड कापायचा ग्राइंडर माझा आहे. पण मी एका हाताने धरू शकणार नाही.”

ग्राइंडरची वायर खड्ड्यात सोडली. आम्ही उतरलो. जबड्यांच्या मध्ये, दादाच्या बोटांच्या खाली, जेमतेम पेन्सिल जाईल एवढी फट होती. त्या फटीतून स्क्रू कापायचा. पातं जरा वर गेलं तर बोटं, जरा बाजूला गेलं तर जबडा आणि परत पहिल्यापासून. वेल्डरने ग्राइंडर उजव्या हातात घेतला, डावीकडून मी धरला. त्याच्या डोळ्यांतून हिरवं पाणी वाहत होतं.

“मला फट नीट दिसत नाही,” तो म्हणाला. “कुणीतरी रेघ मारा. ठळक.”

सासरे गुडघ्यावर बसले. त्यांचं नाक फुटलं होतं, हात मात्र स्थिर होता. त्यांनी खडूने लोखंडावर रेघ मारली, एका दमात, पट्टी न लावता. मी आयुष्यात इतकी सरळ रेघ बघितली नाही.

बायको वाकून बाजूने बघत होती, जसं ती मॉडेल फिरवून बघते तसं. “वरून सरळ आहे,” ती म्हणाली. “पण स्क्रू आत वाकलाय. खालच्या बाजूला तो उजवीकडे आलाय. दोन मिलिमीटर घ्या, बाबा.”

सासरे माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांना सांगेन म्हणून. मी ग्राइंडर धरून होतो. दादाने दात खाऊन म्हटलं, “काका, तिने सांगितलं ना.”

सासऱ्यांनी अंगठ्याने रेघ पुसली. दोन मिलिमीटर उजवीकडे दुसरी मारली.

“हलू नकोस,” वेल्डर दादाला म्हणाला.

“तू हलू नकोस,” दादा म्हणाला.

बायकोने ओल्या पोत्याने बोटं झाकली. ठिणग्या उडाल्या, पोतं धुमसायला लागलं, दादाच्या अंगावरचे केस जळल्याचा वास आला. वेल्डर हाडाच्या वेदनेने रडत होता आणि त्याचा हात हलत नव्हता. मग स्क्रू तुटला. जबडा धपकन खाली पडला, माझ्या पायावर, आणि माझं बोट मोडलं, ज्याबद्दल पुढे कुणी विचारलं नाही.

दादाने हात वर धरला. बोटं चपटी झाली होती, पण चारही होती. अंगठा तर कधी आत गेलाच नव्हता. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो. करंगळी वाकली. तिच्या शेजारचं वाकलं. मधलं खूप विचार करून वाकलं. तर्जनी मात्र सरळच राहिली, ती मोडली होती.

“दांडा धरता येईल का रे?” वेल्डरने विचारलं. तो खरंच काळजीत होता.

“बघतो,” दादा म्हणाला आणि माझ्याकडे वळला. “छोट्या, किती खोल्या वाढवल्या तुझ्या सासऱ्यांनी?”

“चार.”

“आणि जुळवणी कुणाचं काम?”

“माझं.”

त्याने माझ्या तोंडावर ठोसा मारला. ठोसा चांगला बसला. तर्जनी वाकत नसल्यामुळे ती माझ्या डोळ्यात गेली.

“येईल धरता,” दादा वेल्डरला म्हणाला.